जिंकलेल्या मॅचची हरलेली बातमी

"हसायचं? मी हसायचं?" मावशीने पेपर संपादकांच्या टेबलावर असा आपटला की त्यांच्या कपातला चहा बशीत आला आणि बशीतला टेबलावर.

संपादक शांत माणूस. म्हणजे लोक त्यांना शांत म्हणायचे. मावशीच्या मते ते नुसते थंड होते, आणि शांत असणं वेगळं, थंड असणं वेगळं. त्यांनी रुमालाने टेबल पुसलं, रुमालाची घडी घातली आणि म्हणाले, "अहो मावशी, माणसाला स्वतःवर हसता आलं पाहिजे. तुम्ही दर शनिवारी अख्ख्या जगावर तोंडसुख घेता. या शनिवारी आपल्याच पेपरवर घ्या. लोक डोक्यावर घेतील."

"माझ्या भाचीचं गावभर हसं झालंय, आणि त्यात मी भर घालू? वा! म्हणजे जखम तुम्ही करायची आणि मीठ मी चोळायचं!"

ऑफिसात तिला सगळेच मावशी म्हणायचे, तिच्याहून वयाने मोठे असलेले संपादकसुद्धा. दर शनिवारी तिचं 'रिकामटेकडी' नावाचं सदर यायचं. त्यात काय वाट्टेल ते असायचं. कुठे कुणी तोंडावर चमचे चिकटवून विक्रम केला, की मावशी विचारणार, मग त्या दिवशी घरचे जेवले कशाने? एखाद्या सिनेमाच्या दुसऱ्या भागात मेलेला हिरो चौथ्या भागात दार उघडून आत आला, की ती लिहिणार, आमच्या ऑफिसात सुट्टीवर गेलेला माणूससुद्धा इतक्या बिनदिक्कत परत येत नाही. शेजारच्या काकांना साबणाची वेष्टनं जमवायचा छंद होता; त्या छंदावर तिने तीन शनिवार काढले आणि काकांनी तिच्याशी बोलणं सोडलं. क्रिकेटच्या समालोचकांवर तर तिचा विशेष दात. प्रत्येक चेंडू निर्णायक कसा असेल रे मेल्यांनो, असं ती टीव्हीला विचारायची आणि मग तेच लिहायची.

वाचक खदाखदा हसायचे. मावशी मात्र लिहिताना कधी हसत नसे. ती खरोखरच चिडलेली असायची.

तर झालं होतं असं. मावशीच्या थोरल्या बहिणीची मुलगी शहराच्या मुलींच्या फुटबॉल संघात गोलकीपर होती. घरात तिला भिंगरी म्हणत. रविवारी त्यांचा अंतिम सामना. आधीचा सामना लांबला, म्हणून हा उशिरा सुरू झाला. मग बरोबरी झाली, मग पेनल्टीवर गेला. इकडे ऑफिसात पान छपाईला सोडायची वेळ येऊन ठेपली.

पेपरच्या धंद्यात यावर एक जुना तोडगा आहे. खेळाच्या बातम्या लिहिणारा दोन बातम्या आधीच तयार करून ठेवतो. एक जिंकल्याची, एक हरल्याची. निकाल आला की एक लावायची आणि दुसरी टाकून द्यायची. पानं लावणाऱ्याला दोन्ही पाठवताना क्रीडावाला म्हणाला होता, "बहुतेक हरल्याचीच लागेल." कारण मध्यंतराला संघ एका गोलने मागे होता. पानं लावणाऱ्याने हरल्याची बातमी पानावर चढवून ठेवली. निकाल आला तेव्हा क्रीडावाल्याला वाटलं पानं लावणाऱ्याने बदलली असेल, पानं लावणाऱ्याला वाटलं क्रीडावाला सांगेल. एकाने विचारलं नाही, दुसऱ्याने सांगितलं नाही, आणि पान गेलं.

सकाळी घराघरात जाऊन पडलेल्या त्या पेपरात शहराचा संघ हरला होता. आणि का हरला? तर शेवटच्या क्षणी 'बोगद्यातून गाडी निघून जावी तसा चेंडू गोलकीपरच्या दोन पायांमधून निघून गेला' म्हणून.

असलं काहीही झालं नव्हतं. सामना जिंकला होता. आणि शेवटचा फटका भिंगरीनेच अडवला होता.

दुसऱ्या दिवशी पेपरने चूक दुरुस्त केली. कशी? आतल्या पानावर, पाणी येणार नसल्याची सूचना आणि हरवलेल्या कुत्र्याची जाहिरात यांच्या मध्ये, तीन ओळींत: सामन्यात आपला संघ विजयी झाला, चुकीबद्दल दिलगीर आहोत. बोगद्याबद्दल चकार शब्द नाही. त्यामुळे झालं काय, की मैदानावर होते ते मूठभर लोक सोडले तर बाकी सगळ्यांची समजूत झाली, की चेंडू पायांतून गेला तो गेलाच, पण बाकीच्या पोरींनी कसाबसा सामना वाचवला.

मग दुसऱ्या पेपरांनी ही गंमत उचलली. 'जिंकलेल्याला हरवणारा पेपर' म्हणून चौकटी छापून आल्या. रेडिओवर सकाळी बडबड करणाऱ्याने दोन दिवस तोच विनोद ओढला. आणि बसस्टॉपवरची टोळकी भिंगरी दिसली की पाय फाकवून उभी राहायला लागली. "बोगदा आला रे, बोगदा!"

हे मावशीने ऐकलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

सगळ्यात आधी तिने क्रीडावाल्याला धरलं. तो बिचारा डबा उघडून बसला होता.

"बोगदा कुठून आणलास रे?"

"मावशी, चूक झाली, मान्य आहे. त्या पानं लावणाऱ्याने..."

"ते राहू दे. बोगदा कुठून आणलास ते सांग."

त्याने घास खाली ठेवला. "अहो, हरलो म्हटलं की कारण द्यावं लागतं. नुसतं हरलो असं कसं लिहिणार? गोलकीपरवर टाकलं की वाचकाला पटतं."

"पण असं घडलंच नव्हतं!"

"हरलोच नव्हतो ना, मावशी. मग हरण्याचं कारण खरं कुठून असणार?"

यावर मावशी आणखी भडकली. "लाज वाटते का काही? घरी बसून पोरीच्या पायांतून चेंडू घालवलास!"

"घरी नव्हतो, मैदानावर होतो. पेनल्टीच्या आधी पान बघायला इकडे आलो, एवढंच." मग तोही जरा चिडला. "तुम्ही होतात का तिथे?"

"मी कशाला असेन? ते काय माझं काम आहे?"

ती त्या संध्याकाळी घरी होती, एका भिकार सिनेमाचा तिसरा भाग बघत, शनिवारी त्याच्यावर चिडायचं म्हणून. पण ते तिने सांगितलं नाही.

बहिणीच्या घरी गेली तर तिथे वेगळीच तऱ्हा. बहीण शिवणाच्या मशीनवर बसली होती आणि नेहमीच्या दुप्पट वेगाने मशीन चालवत होती. भिंगरी कॉटवर भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिचे हातमोजे कपाटावर फेकलेले, एक अर्धा खाली लोंबत होता.

"येत्या रविवारी मोठ्या क्लबवाल्यांची निवड आहे," बहीण मशीन न थांबवता म्हणाली. "एकच गोलकीपर घेणार आहेत. दोन वर्षं पोर यासाठी मरमर मरतेय. आणि आता म्हणते जाणार नाही."

"नाही जाणार," भिंतीकडून आवाज आला. "तिथे फटका मारायला येणारी पहिलीच पोरगी मला पाय फाकवून दाखवेल. सगळ्या हसतील. मी काय हसं करून घ्यायला जाऊ?"

"कोण हसतंय तेच बघते मी!" मावशी कडाडली. "एकेकाचे दात घशात घालते. तो संपादक, तो क्रीडावाला, तो रेडिओवरचा पोपट..."

भिंगरी वळली. तिचे डोळे सुजलेले होते. "मावशी, तू काही करू नकोस. प्लीज."

पण मावशीने चपला घातल्या होत्या. रागाच्या भरात माणसाला फक्त स्वतःचाच आवाज ऐकू येतो, आणि मावशीचा आवाज तसाही मोठा.

तर अशी ती संपादकांच्या खोलीत येऊन थडकली होती, आणि ते तिला म्हणत होते, हसा.

"मला दुरुस्ती हवी," ती म्हणाली. "खेळाच्या पानावर, बातमी जेवढी मोठी होती तेवढीच. पायांतून चेंडू गेला नव्हता, तिने अडवला होता, असं स्वच्छ लिहून."

"मावशी, दुरुस्ती मोठी छापायची नसते. तशी रीत नाही."

"चूक मोठी आणि माफी छोटी, ही कुठली रीत?"

"सगळ्याच पेपरांची." संपादकांनी चष्मा काढला. "आणि आता तर सगळीकडे आपलं नाव झालंय. इतक्या वर्षांत कुणी आपल्याला विचारत नव्हतं."

पोरीची अब्रू गेली ती गेली, याला नाव झाल्याचा आनंद! मावशीला वाटलं, उरलेला चहा यांच्या डोक्यावर ओतावा. "ठीक आहे. मग मी माझ्या जागेत लिहिते. पण गंमत-बिंमत नाही. संतापून लिहिणार. नाही छापलंत तर रिकामटेकडी खरोखरच रिकामी. दुसरी शोधा."

संपादकांनी चष्मा परत घातला. "लिहा की. संताप चालेल." आणि मग अगदी प्रेमाने म्हणाले, "तुमचा संताप लोकांना गंमतच वाटते."

हे वाक्य मावशीला असं झोंबलं की ती दार आपटून बाहेर पडली.

ती टेबलाशी बसली आणि लिहायला लागली. सुरुवात फर्मास झाली. पेपरवाल्यांच्या दोन दोन बातम्या, हरण्याचं तयार कारण, तीन ओळींची माफी, कुणाला म्हणून सोडलं नाही. मग गाडी शेवटच्या फटक्यापाशी आली आणि अडली. फटका अडवला कसा?

तिने क्रीडावाल्याला हाक मारली. "अरे, तिने तो अडवला कसा?"

"मी इथे आलो होतो ना तेव्हा. अडवला, एवढं नक्की."

भिंगरीला फोन करायचं मावशीच्या मनातसुद्धा आलं नाही. तिला एकदम पेपरच नेऊन पोरीच्या हातात ठेवायचा होता. आणि रागाने लेखणी अशी धावत होती की थांबणं जिवावर आलं. तिने लिहिलं, आणि लिहिताना तिच्या अंगावर काटा आला:

'फटका सुटला. चेंडू डाव्या कोपऱ्याकडे निघाला. आणि ही पोर, जिच्या पायांत तुम्ही बोगदे खणलेत, तिने अशी झेप घेतली की क्षणभर जमिनीचा आणि तिचा संबंध उरला नाही. बोटांची टोकं, फक्त टोकं, चेंडूला लागली. मेल्यांनो, ही घ्या तुमची बातमी!'

शनिवारी सकाळपासून फोन सुरू झाले. लोक म्हणाले, मावशी, डोळ्यांत पाणी आलं. लोक म्हणाले, पेपरवाल्यांची बरी खोड मोडलीत. संपादकांनी चित्रकाराकडून मोठं चित्र काढून घेतलं होतं: आडवी झेपावलेली पोरगी, हात लांब, वेणी हवेत. रेडिओवरच्याने लेख वाचून दाखवला आणि चक्क माफी मागितली. शेजारच्या काकांनीसुद्धा इतक्या दिवसांनी तोंड उघडलं. "छान लिहिलंत," म्हणाले.

मावशी पेपरांचा गठ्ठा काखेत मारून बहिणीकडे निघाली. बसस्टॉपवर तीच टोळकी होती. एकाने तिला ओळखलं आणि हात आडवे करून झेप घेतल्याचा अभिनय केला. "भारी, मावशी!" मावशीने त्याच्याकडे असं पाहिलं की तो गप्प झाला, पण आतून ती सुखावली होती.

बहिणीने दार उघडलं. आणि परत जाऊन मशीनवर बसली. भिंगरी कॉटवर बसली होती, समोर पेपर पसरलेला.

"वाचलास?" मावशीने गठ्ठा टेबलावर टाकला. "कशी जिरवली एकेकाची!"

"ही कोण आहे?" भिंगरीने चित्रावर बोट ठेवलं.

"कोण म्हणजे? तू!"

"मी अशी झेप घेतली नव्हती."

"बरं, थोडं इकडचं तिकडे झालं असेल. उजवीकडे घेतली होतीस का?"

"मी झेप घेतलीच नव्हती!" भिंगरी उभी राहिली. ती मावशीपेक्षा चांगली हातभर उंच होती, आणि मावशीला हे आजच लक्षात आल्यासारखं झालं. "मी हललेच नव्हते. ती फटका मारणारी सारखी कोपऱ्याकडे बघत होती, मुद्दाम, मला फसवायला. मी ओळखलं. मी जागेवर उभी राहिले, आणि चेंडू सरळ माझ्या पोटात आला. बास. एवढंच झालं."

"अगं, मग... तेही चांगलंच की."

"चांगलंच की?" भिंगरीचा आवाज चिरकला. "तुला माहितीये किती अवघड असतं ते? सगळं अंग म्हणत असतं उडी मार, उडी मार. पाय आपोआप सुटतात. मी वर्षभर तेवढंच शिकत होते, न हलायला! आयुष्यात पहिल्यांदा जमलं मला. आणि तू त्याच्या जागी ही कुठली बाई छापलीस!"

"पण मी तुझ्यासाठीच..."

"सकाळपासून टीममधल्या सगळ्यांचे फोन येतायत. म्हणतात, मावशीला काय सांगितलंस गं, बोटांची टोकं म्हणे! त्या सगळ्या तिथे होत्या, मावशी. त्यांनी पाहिलंय. त्यांना वाटतंय मीच तुला थापा मारल्या. काल मी बोगदा होते, आज थापाडी झाले."

मावशीचा चेहरा लाल झाला. आणि काय झालं कोण जाणे, इतकी वर्षं अंगात मुरलेली सवय उफाळून वर आली. ती म्हणाली, "अगं पण, नुसती उभी राहिली असं लिहिलं तर वाचणार कोण?"

 बहिणीने मशीनवरचा हात उचलला आणि मांडीवर ठेवला.

"त्या क्रीडावाल्याने पण माझ्याबद्दल न बघता लिहिलं," भिंगरी म्हणाली. आता ती ओरडत नव्हती. "तू पण न बघता लिहिलंस. तो वाईट लिहितो, तू चांगलं लिहितेस, एवढाच फरक. मैदान तुमच्या ऑफिसच्या मागेच आहे, मावशी. मी पाच वर्षं तिथे खेळतेय. तू एकदा तरी आलीस?"

मावशीला एकदम ऑफिसातली खिडकी आठवली. मागच्या बाजूची, मैदानाकडची. पोरींच्या आरडाओरड्याने लिहिता येत नाही म्हणून तीच ती खिडकी रोज लावून घ्यायची. हे काही सांगण्यासारखं नव्हतं. 

भिंगरीने खुर्ची ओढली, कपाटावरचे हातमोजे काढले आणि त्यांच्यावरची धूळ झटकली. "मी उद्या जाणार आहे."

"लेख वाचून?" मावशीने आशेने विचारलं.

"तुमच्या पेपरवर विसंबून राहिले तर मी कोण आहे ते मलाच कळायचं नाही. म्हणून."

मावशी घरी गेली ती स्वतःवर इतकी चिडलेली की तिने टीव्ही लावला नाही. समालोचक सुटले, सिनेमावाले सुटले. चिडायला आयुष्यात पहिल्यांदा घरातलंच माणूस सापडलं होतं, आणि हा राग शनिवारपर्यंत थोपवून ठेवण्याची काही सोय नव्हती.

रविवारी सकाळी ती मैदानावर गेली. पर्स घेतली नाही, पेन घेतलं नाही. गोलच्या मागे जाळीपाशी काही आया उभ्या होत्या, त्यांच्यात जाऊन उभी राहिली. भिंगरीने तिला पाहिलं. बोलावलं नाही आणि हाकललंही नाही.

क्लबच्या प्रशिक्षक बाई शिट्टी गळ्यात घालून आल्या. भिंगरीची पाळी आली तेव्हा त्यांनी कागदातून मान वर केली. "अरे, तूच का ती झेपवाली? वाचलं मी काल. दाखव बघू तशी एक!"

बाजूच्या पोरी फिसकन हसल्या. मावशीला वाटलं, जमीन दुभंगावी आणि कालच्या पेपरच्या गठ्ठ्यासकट आपल्याला पोटात घ्यावं.

"ते खोटं आहे, मॅडम," भिंगरी स्वच्छ आवाजात म्हणाली. "मी झेप घेतली नव्हती. उभी राहिले होते."

बाईंनी शिट्टी हातात घेतली. त्या हसल्या नाहीत. "बरं. मार गं," त्या फटका मारणारीला म्हणाल्या.

ती पोरगी चांगली दणकट होती. तिने चेंडू ठेवला, चार पावलं मागे गेली, उजव्या कोपऱ्याकडे एकदा पाहिलं, दोनदा पाहिलं. मैदानाच्या कडेची पोरं ओरडायला लागली, "झेप! झेप!" भिंगरी मधोमध उभी होती, गुडघ्यात किंचित वाकून. मावशीला मागून तिची मान दिसत होती आणि मानेवरची घट्ट झालेली शीर. पोरगी धावली. पायाचा दण्ण आवाज आला आणि चेंडू सरळ, थेट, मावशीच्याच तोंडावर आल्यासारखा सुटला.

मध्ये भाची होती, मध्ये जाळी होती. तरी मावशी "आई गं" म्हणत अशी बाजूला उडाली की शेजारच्या बाईच्या अंगावर आदळली आणि दोघी गवतावर बसल्या.

तिने डोळे उघडले तेव्हा भिंगरी होती तिथेच होती. चेंडू तिच्या पोटाशी, दोन्ही हातांत. ती वाकून श्वास घेत होती. बाई कागदावर काहीतरी लिहीत होत्या.

भिंगरीने मागे वळून पाहिलं. "पाहिलंस?"

मावशीच्या जिभेवर ते सगळं तयार होतं: पाहिलं गं, काय उभी राहिलीस, भिंतीसारखी, वा! एका श्वासात म्हणता आलं असतं. तिने हाताला लागलेलं गवत झटकलं.

"नाही गं," ती म्हणाली. "डोळे मिटले मी."

"मग आता उघडे ठेव," भिंगरी म्हणाली, आणि चेंडू परत मैदानात फेकून जागेवर जाऊन उभी राहिली.